पाहुण्यांची दिवाळी

नरकचतुर्दशीला आपण पहाटे उठून उटणे लावतो. त्याच पहाटे आमच्या आदिलाबादच्या आग्नेयेला, उटनूर-जैनूरच्या डोंगरांत, राजगोंडांचा घुसाडी नर्तक अंगाला राख फासून उभा असतो आणि कित्येक दिवस त्याने आंघोळच केलेली नसते. दीक्षा घेतली की दंडारी हा नाचगाण्यांचा उत्सव संपेपर्यंत अंगाला पाणी लावायचे नाही. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगावर कातडे, हातात दांडा. सण एकच, पण व्रत अगदी उलटे.

अश्विन पौर्णिमेच्या सुमारास सुरू होणारी दंडारी दिवाळीपर्यंत चालते. एका गावाचा ताफा वाजतगाजत दुसऱ्या गावी जातो. पाय धुऊन स्वागत, मग रात्रभर ढेमसा नाच, गाणी, थट्टामस्करी. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय सगळे गाव मिळून करते. या मुक्कामांत सोयरिकीही जुळतात. जेवू घालणाऱ्या गावाचे देणे मनात राहते, आणि पुढे कधीतरी त्यांचा ताफा आपल्या वेशीवर आला की ते फिटते. खरे तर फिटत नाही, पुन्हा नवे चढते. माणसे सुखी असतात ती अशा न फिटणाऱ्या देण्याघेण्यात, असे आमचे मत झाले आहे.

हे लोक भाबडे, निश्चिंत म्हणून आनंदी, असे मात्र कोणी समजू नये. जंगल-जमिनीच्या हक्कासाठी निजामाच्या राजवटीशी लढताना गोंडांचे नेते कोमराम भीम 1940 मध्ये जोडेघाटला मारले गेले. त्यांचा स्मृतिदिन याच अश्विन पौर्णिमेला पाळतात. त्या बंडानंतर गोंडांचा अभ्यास करायला आलेले ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ याच भागातल्या मार्लवाईत राहिले, आणि पुढे त्यांच्या पत्नी बेट्टी यांना त्याच गावाच्या मातीत विसावा मिळाला. मार्लवाईचेच कनक राजू. घुसाडी नृत्यासाठी त्यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दंडारीच्या दिवसांत, ते गेले. दुःखाचा हिशेब चुकता झाला की मग सण करू, असे या डोंगरांत कोणी म्हणत नाही.

आपण मात्र म्हणतो. कापसाला भाव मिळू दे, मुलाची नोकरी लागू दे, हप्ते संपू देत. मग निवांत आनंद. तोवर दिवाळी म्हणजे दार लावून फराळ, आणि शेजाऱ्याला मोबाइलवर पणतीचे चित्र. फराळाचे ताट झाकून चार घरी फिरवण्याची आपली रीत दंडारीच्याच जातकुळीची होती. ती आपणच मोडली. वेळ नाही, ही सबब आम्हाला पटत नाही. कोणाचे देणे लागायला नको, हे खरे कारण.

असा उपदेश नवा नाही. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादक उपदेश करत आहेत आणि वाचक पान उलटून थेट कथेकडे जात आहेत. तेच योग्य. फक्त पेनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वाचकांना, 1956 पर्यंत किनवट आणि राजुरा आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते या हक्काने, एक आग्रह: दिवाळीच्या आधी एखादी संध्याकाळ उटनूरच्या वाटेला लागा. ताफा दिसला तर गाडी बाजूला घ्या, चित्रीकरणाची घाई करू नका. कोणी जेवायला बसवले तर पोट भरल्याचे सांगू नका. पुढे त्यांना आपल्या घरी बोलवावे लागेल, याची तयारी मात्र ठेवा.