निवलेला डोंगर आणि जागता डोंगर

पूर्वी आपल्या भागात सहल म्हटली की कुंताला किंवा पोचेरा येथील धबधबा, आणि फार झाले तर हैद्राबादचा चारमिनार, एवढ्यावर गोष्ट संपत असे. आता दिवस पालटले आहेत. घरातला मुलगा हैद्राबादेत किंवा पुण्यात नोकरीला लागतो आणि दोनतीन वर्षांतच कचेरीतल्या दहावीस सोबत्यांबरोबर परदेशच्या सहलीला निघतो. या सहलींच्या जाहिराती मोबाईलवरून खेडोपाडी पोहोचल्या आहेत. त्यांत एक चित्र हमखास असते. काळोखातून वर चढत जाणारी दिव्यांची रांग, आणि तिच्या शेजारी डोंगरमाथ्यावर हात पसरून उभी असलेली तरुण मंडळी. खाली लिहिलेले असते, ‘ज्वालामुखीवर सूर्योदय’.

पैनगंगेच्या काठच्या एका गावातून एका माउलीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचा मुलगा अशाच एका सहलीबरोबर बाली बेटावर जाणार आहे. तेथील बातूर नावाच्या ज्वालामुखीवर पहाटेच्या आधी चढून जाण्याचा कार्यक्रम ठरला असून पैसे भरून झाले आहेत. सहलीच्या कागदावर, आपणांस काही आजार आहे काय, असा प्रश्न होता. मुलाने त्यापुढे ‘नाही’ असे लिहिले. वस्तुतः त्याला लहानपणापासून दमा आहे. थंडीत अजूनही तोंडात पंप मारावा लागतो. सोबत्यांपैकी कोणासही हे ठाऊक नाही. ‘फादर, ज्वालामुखी म्हणजे आगीचा डोंगर. तेथे माणसाने पाय तरी कशाला ठेवावा? मी त्याला जाऊ देऊ की नको?’ असे त्यांनी विचारले आहे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जाऊ द्यावे, परंतु त्या कागदावरचे ‘नाही’ खोडल्यावाचून जाऊ देऊ नये.

आता आगीच्या डोंगराविषयी. या माउलीस ऐकून नवल वाटेल, पण ज्वालामुखीच्या दगडावर त्यांचा जन्म गेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वर येऊन पाण्यासारखा पसरला. एक थर निवावा, त्यावर दुसरा यावा, असे लाखो वर्षे चालले होते. आज उरलेला हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. पश्चिमेस सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात भरते. पूर्वेकडे तो पातळ होत जातो आणि आपल्या आदिलाबादच्या आसपास त्याची कड येते. पुढे गोदावरीच्या खोऱ्यात कोळशाचे खडक लागतात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची जी काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात गाडीचे चाक गिळते, ती बहुतांशी याच दगडाच्या झिजेतून झाली आहे. तिच्यावर आपला कापूस होतो. पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात शिबला गावाजवळ अलीकडे रस्त्याच्या कामात सहाकोनी खांब एकमेकांस चिकटून उभे केल्यासारखा खडक उघडा पडला, तेव्हा कोणा राजाचा वाडा सापडला म्हणून लोक पाहावयास धावले. तो वाडा नव्हता. शिलारस सावकाश निवताना आक्रसतो आणि सुकत्या चिखलाप्रमाणे त्याला नेमक्या भेगा पडतात. ते हे खांब होत.

आपला डोंगर निवलेला आहे. बातूर मात्र जागा आहे, आणि सारा फरक येथेच आहे.

बातूरची उंची १७१७ मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, ते १६४६ मीटरचे आहे. म्हणजे दोहोंत अंतर अवघे ७१ मीटरचे. फार प्राचीन काळी तेथे याहून मोठा पर्वत होता. त्याचा माथा खचून सुमारे दहा किलोमीटर रुंद आणि चौदा किलोमीटर लांब असे परातीसारखे खोलगट मैदान झाले. त्यात एका बाजूस सरोवर आहे आणि मधोमध आजचा बातूर पुन्हा वर आला आहे. १९२६ साली त्यातून वाहिलेल्या शिलारसाखाली बातूर हे गावच गडप झाले. लोकांनी ते उचलून वर परातीच्या काठावर वसवले. १९६३ साली तो पुन्हा पेटला, आणि त्याच वर्षी शेजारच्या आगुंग पर्वताच्या उद्रेकात हजारावर माणसे दगावली. बातूरचा शेवटचा नोंदलेला उद्रेक २००० सालचा. इतके होऊनही पायथ्याशी लोक राहतात आणि त्या काळ्या भुसभुशीत मातीत कांद्याचे आणि भाजीचे मळे पिकवतात. आपल्याला यात आश्चर्य वाटू नये. ज्या मातीने एकदा घर गिळले तिच्यातच पुन्हा पेरावे लागते, हे नदीकाठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

पहाटेच्या आधीच का चढावयाचे, असाही प्रश्न पत्रात आहे. सूर्योदय पाहणे हे एक कारण झालेच. दुसरे असे की, दिवस वर येऊ लागला म्हणजे अशा शिखरांना ढग वेढतात आणि उघड्या काळ्या उतारावर ऊन भाजून काढते. म्हणून मंडळी तीनचारच्या सुमारास सरोवराकाठून निघतात, सुमारे सातशे मीटरचा चढ दोन तासांत चढतात आणि उन्हाच्या आत खाली येतात. पहाटेच्या थंडीत कापूस वेचावयास जाणाऱ्या घरातल्या मुलाला लवकर उठण्याचे काय कौतुक! (अंधारात खालची दरी दिसत नाही आणि भित्री माणसेही मुकाट्याने चढतात, हेही एक कारण असावे असा आम्हांस संशय आहे.) चढाचा वरचा भाग सुट्या खड्यांचा असतो. दोन पावले टाकावी तेव्हा एक पदरात पडते. अंगाला घाम फुटतो, आणि माथ्यावर पोहोचून थांबले की तोच घाम वाऱ्याने बर्फासारखा होतो. दमेकऱ्याची परीक्षा चढताना होते त्याहून अधिक येथे होते.

शिवाय वायूचा प्रश्न आहे. जागत्या डोंगराच्या फटींतून वाफ येते. वाटाडे तिच्यावर अंडी शिजवून प्रवाशांस देतात. तेवढ्याने भिण्याचे कारण नाही. परंतु त्या वाफेबरोबर गंधकाचा धूर आला तर निरोगी माणसाचाही घसा धरतो, आणि दमेकऱ्याची श्वासनलिका तर चटकन आवळते. दुसरा एक वायू आहे, त्याला ना रंग ना वास. हवेपेक्षा जड असल्याने तो सखल जागी साचून राहतो. १९७९ च्या फेब्रुवारीत जावा बेटावर डिएंगच्या पठारावर असाच वायू भूमीतून सुटला आणि पळून जाऊ पाहणारी सुमारे दीडशे माणसे वाटेतच मरून पडली. आपल्याकडे गाळ काढण्यासाठी जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी जाणती माणसे आधी कंदील सोडून पाहत, तो विजला तर कोणी उतरत नसे. तो वायू हाच. म्हणून विवराच्या खळग्यात चित्र काढून घेण्यासाठी उतरू नये, वाटाड्या नको म्हणाला तर मुळीच उतरू नये.

इंडोनेशिया देशात प्रत्येक जागत्या डोंगरासाठी सरकारने चार पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली पायरी नेहमीची, चौथी म्हणजे गावे रिकामी करण्याची. सुमात्रा बेटावरील मरापी पर्वत दुसऱ्या पायरीवर होता आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये असा शास्त्रज्ञांचा सल्ला होता. तरीही लोक चढत राहिले. ३ डिसेंबर २०२३ रोजी तो अकस्मात फुटला, तेव्हा डोंगरावर ७५ जण होते. त्यांतले २४ मृत्यू पावले. उलट जपानमधील ओंताके पर्वत २७ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वांत खालच्या पायरीवर होता. शनिवारचा दिवस, पानगळीचे रंग पाहावयास लोटलेली गर्दी, जेवणाची वेळ. आणि ६३ माणसे गेली. तेव्हा पायरी पाहून जावे हे खरे, पण पायरी म्हणजे हमीपत्र नव्हे. या दोन गोष्टी आम्ही त्या माउलीस घाबरविण्यासाठी सांगत नाही. बातूरवर वर्षभर असंख्य लोक चढतात आणि खाली येऊन न्याहारी करतात. डोंगर फुटण्याचे भय आहे, पण ते थोडे आहे.

थोडे नाही ते भय वेगळेच आहे, आणि ते माणसांकडून आहे.

सहल ही घटका मोजून चालते. सूर्य कोणासाठी थांबत नाही. वीस जणांनी पैसे भरलेले असतात. वाटाड्याला रांग वर न्यावयाची असते. अशा रांगेत एकाची छाती भरून आली तर तो काय करतो? तो गप्प राहतो. आपल्यामुळे इतरांचा सूर्योदय चुकेल या लाजेने आणखी शंभर पावले टाकतो. मग म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढे, मी बसतो जरा.’ आणि रांग पुढे जाते, कारण त्याला दमा आहे हे रांगेत कोणाला माहीतच नसते. २०२५ च्या जून महिन्यात लोंबोक बेटावरील रिंजानी पर्वतावर परदेशातून आलेली एक प्रवासी तरुणी दमून मागे राहिली, आणि पुढे ती कड्यावरून खाली गेल्याचे उघडकीस आले, असे वृत्त होते. शोधपथकास तिच्यापर्यंत पोहोचावयास तीन दिवस लागले. तोवर ती जिवंत नव्हती. त्या पर्वताची उंची ३७२६ मीटर आहे आणि बातूर त्याच्या निम्म्याहूनही कमी. तथापि अंधारात एकटे मागे राहणे दोन्हीकडे सारखेच.

आम्ही स्वतः एका हिवाळ्यात पंधरासोळा मंडळींबरोबर कळसूबाई चढलो आहोत. पायथ्याच्या बारी गावातून रात्री तीनला निघालो होतो. मंडळींत एक मध्यमवयीन शिक्षक होते. त्यांनी आदल्या रात्री जेवताना मोकळेपणाने सांगितले होते की, ‘मला चढावर धाप लागते, मी सावकाश येईन.’ या एका वाक्याने किती सोपे झाले! त्यांना रांगेत सर्वांच्या पुढे घातले, म्हणजे सगळ्यांची चाल आपोआप त्यांची चाल झाली. आणि सर्वांत मागे दिवा घेऊन एक धडधाकट तरुण ठेवला, त्याच्यामागे कोणी राहावयाचे नाही असा नियम केला. दुसऱ्या लोखंडी शिडीपाशी गुरुजी थांबले आणि पुढे येत नाही म्हणाले. दोघे जण त्यांच्याबरोबर शाल पांघरून बसले. त्या दोघांना शिखर मिळाले नाही. पण शिडीपाशीही पूर्व दिशा तांबडी झालेली दिसते, आणि तेथे बसून त्यांनी थर्मासातला सगळा चहा संपविला, याचीच वर गेलेल्यांना नंतर हळहळ वाटली.

म्हणून आमचे त्या मुलास सांगणे आहे, आणि त्याच्या मातेने हा मजकूर त्यास वाचून दाखवावा. बाळ, सहल योजणाऱ्यांना आजच कळव आणि कागद दुरुस्त करून घे. ते नेणार नाहीत असे तुला वाटते. बहुधा नेतील, आणि नेले नाही तरी सहल म्हणजे एक डोंगर नव्हे, सरोवराच्या काठावरूनही सकाळ होते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना छाती दाखवून तेथे चढ आहे, थंडी आहे आणि गंधकाचा धूर असू शकतो, हे तिन्ही शब्द उच्चारून सांग. नुसते ‘फिरावयास जातो’ म्हणू नकोस. पंप पिशवीत ठेवू नकोस, खिशात ठेव, कारण पिशवी पुष्कळदा दुसऱ्याच्या खांद्यावर असते. कचेरीतल्या एका तरी सोबत्याला तो कसा मारावयाचा ते शिकव. आणि शक्य झाल्यास आधी एकदा आपल्या निवलेल्या डोंगरावर, कळसूबाईवर, रात्री चढून पाहा. तेथे श्वास पुरला तर बातूरवर पुरेल अशी बरीच आशा धरता येईल; आणि नाही पुरला तर तेथून खाली आल्यावर बोलणारी माणसे निदान मराठी बोलतील.

राहता राहिला पत्रातला शेवटचा प्रश्न, फोन कधी येईल? बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासांनी पुढे आहे. तेथे मंडळी चारला चढू लागतील तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असेल, आणि तेथला सूर्य उगवेल तेव्हा साधारण साडेतीन ते चार. खाली उतरून न्याहारी होईपर्यंत तेथे नऊ वाजतात. तेव्हा, माउली, त्या रात्री आपण झोप घ्यावी. फोनची वाट पाहावयाची ती सकाळी साडेसहानंतर. त्याआधी तो वाजला नाही म्हणून मन खाऊ देऊ नये.