पासवर्ड बरोबरच असतो, खोटं संगणक बोलतो!

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी ज्येष्ठ असेल किंवा तुम्ही सोसायटीचं, दुकानाचं, सीए ऑफिसचं काम ईमेलवर करत असाल, तर शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ च्या अटी अशा की धडधाकट चालणारे कितीतरी संगणक त्यात बसत नाहीत. मग काय, टिळक रोड म्हणा, कॅम्प म्हणा, लोकांनी नवे घेतले. आणि घरोघरी एकच रड सुरू झाली. जुन्या संगणकावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारं ईमेल नव्यावर जोडलंच जात नाही. तोच पत्ता, तोच डायरीत लिहिलेला पासवर्ड, तरी समोर पाटी येते की युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे. माणूस पाच वेळा टाइप करून बघतो. सहाव्यांदा घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाबा, तुम्ही विसरलात."

सोसायटीच्या कामामुळे कोथरूडमधल्या अशा बऱ्याच घरांत मला बोलावणं येतं. माझं स्पष्ट मत आहे, बाबा विसरलेले नसतात. त्यांना खरं कारण कुणी सांगितलेलं नसतं. आणि ते न सांगणं ही गैरसोय नाही, हा अन्याय आहे.

आधी भानगड काय आहे ते समजून घेऊ. पूर्वी आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा आणि दर वेळी सर्व्हरला दाखवायचा. गूगलने साध्या खात्यांसाठी ही पद्धत ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली. आता कंपनीची स्वतःची खिडकी उघडते, तिथे तुम्ही लॉगिन करता आणि प्रोग्रॅमला फक्त एक पास मिळतो. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ही खिडकी उघडताच येत नाही, त्याच्यासाठी जीमेलने एक पळवाट ठेवली आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं आणि १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढायचा.

म्हणजे जुन्या संगणकावर चालत होतं ते का? कारण कधीतरी भाच्याने नाहीतर दुकानातल्या पोराने तो १६ अक्षरी पासवर्ड काढून आत बसवून दिला होता. तो कुणी लिहून ठेवला नाही. नवीन संगणक पासवर्ड मागतो, तुम्ही डायरीतला देता, तो वेबसाइटवर शंभर टक्के चालतो. पण प्रोग्रॅममधून दिला की सर्व्हर म्हणतो चुकीचा. अहो, चुकीचा नाही, या दाराने चालत नाही एवढंच! एवढं एक वाक्य पाटीवर लिहायला यांचं काय जातं?

बरं, कारण हे एकच असतं असंही नाही. मेल घेणं आणि मेल पाठवणं या दोन वेगळ्या खिडक्या आहेत, पोस्टातल्यासारख्या. घ्यायला आयमॅपचा ९९३ किंवा पॉपचा ९९५ नंबरचा पोर्ट, पाठवायला ४६५ किंवा ५८७. पाठवण्याचा जुना २५ नंबर बऱ्याच इंटरनेट कंपन्या अडवून ठेवतात. म्हणून मेल येतात पण जात नाहीत, असा प्रकार होतो. कधी नव्या संगणकाचं घड्याळ किंवा तारीख चुकलेली असते, म्हणून सुरक्षित जोडणीच होत नाही. कधी अँटिव्हायरस मधे आडवा पडतो. प्रत्येक आजार वेगळा, प्रत्येकाचा इलाज वेगळा. आणि पाटीवर काय? झिरो एक्स आठशे सीसीसी झिरो ई! याचा अर्थ एवढाच की सर्व्हरशी जोडणी झाली नाही. हे वाचून सामान्य माणसाने काय करायचं, आरती करायची?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, स्टेटस ठेवले. चांगलंच झालं. पण त्याच मराठी माणसाचा पत्रव्यवहार अडतो तेव्हा त्याला कारण इंग्रजीत आणि तेही आकड्यांत सांगितलं जातं. जीमेलचा चेहरा मराठीत करता येतो. पण चूक झाली की सर्व्हरकडून येणारं उत्तर इंग्रजीच. म्हणजे सगळं सुरळीत असताना मराठी आणि खरी गरज पडली की इंग्रजी. हे भाषेचं प्रेम नाही, ही सजावट आहे.

कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात, मोबाईलवर बघा की." बघतात हो, मोबाईलवर बघतात. पण पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार, भाडेकरार, बिल्डरशी झालेली लिखापढी, सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं मोबाईलवर चाळून बघा एकदा. आणि ईमेल आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. प्राप्तिकराच्या नोटिशीची सूचना ईमेलवर येते. जीएसटीची नोंदणी ईमेलशिवाय होत नाही. डीमॅटचं स्टेटमेंट ईमेलवर येतं. सरकार आणि बँका ज्या खुंटीवर सगळं टांगतात, ती खुंटी निघाली तर विचारायचं कुणाला?

विचारायला कुणी नाही, आणि खरा धोका इथेच आहे. फुकटच्या खात्याला फोनवर बोलणारा माणूस मिळत नाही. मग लोक गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतात आणि पहिला दिसेल तो फिरवतात. पलीकडचा भामटा गोड बोलून एनीडेस्क किंवा तसलंच काहीतरी डाउनलोड करायला लावतो आणि तुमचा स्क्रीन त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. ईमेल दुरुस्त करायला निघालेला पेन्शनर खातं रिकामं करून बसतो, आणि आपण पुन्हा त्यालाच म्हणतो, "काका, एवढं कळत नाही का?" कळायला आधी कुणी नीट सांगावं लागतं.

दुसरा धोका शांतपणे होतो, म्हणून जास्त वाईट. जुना प्रोग्रॅम पॉप पद्धतीने लावलेला असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून जुन्याच संगणकात ठेवले जातात. बऱ्याचदा सर्व्हरवर प्रत राहतच नाही. आमच्या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी जुना संगणक एक्स्चेंजमध्ये दिला. दुकानदाराने (नाव लिहीत नाही, मुद्दा एका दुकानाचा नाही) तो त्याच दिवशी फॉरमॅट केला. नव्या संगणकावर खातं जोडलं तेव्हा इनबॉक्समध्ये जेमतेम आठवडाभराचे मेल. परदेशातल्या मुलीची बारा वर्षांची पत्रं होती त्या जुन्यात. विकत घेताना कुणी विचारलं नाही, "सर, तुमचे मेल कुठे आहेत?" रॅम किती हवी ते मात्र तीनदा विचारलं.

आणि आता नवी गंमत. विंडोजबरोबर येणारा साधा मेल प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला. त्याच्या जागी 'नवं आउटलुक'. त्यात दुसऱ्या कंपनीचं खातं जोडायला गेलात तर ते तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर नेतं. परवानगी मागतात म्हणे. कशी मागतात? इंग्रजीतल्या दोन ओळी आणि खाली 'कंटिन्यू'चं बटण. चार तास झगडून थकलेला माणूस काय दाबेल, तुम्हीच सांगा.

जुन्या पुणेकरांना आठवत असेल, एकेकाळी लेटरहेडवर आणि व्हिजिटिंग कार्डवर 'पीएन टू डॉट व्हीएसएनएल'चा पत्ता मोठ्या अभिमानाने छापला जायचा. गेले ते सगळे पत्ते. मोबाईल नंबर कंपनी बदलली तरी आपलाच राहतो, कारण २० जानेवारी २०११ पासून देशभर तो हक्क मिळाला. ईमेलच्या पत्त्याला असा हक्क नाही. कंपनी म्हणेल त्या दिवशी दार बदलेल आणि तुम्ही ओसरीवर उभे.

आता हरकतीचा मुद्दा. "हे सगळं सुरक्षेसाठी आहे." मान्य! जुनी पद्धत खरंच धोक्याची होती, एक पासवर्ड चोरला की सगळं खातं गेलं. कुलूप बदलायला माझा विरोध नाही. पण सोसायटीच्या गेटचं कुलूप बदललं तर आपण आधी नोटीस लावतो, प्रत्येक फ्लॅटला किल्ली देतो आणि वॉचमनला सांगून ठेवतो. कुलूप बदलून रहिवाशालाच "तुझी किल्ली खोटी आहे" म्हणत नाही. यांनी नोटिशी पाठवल्या, पण इंग्रजी ईमेलने, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात.

म्हणून माझ्या मागण्या, आणि त्या फक्त परदेशी कंपन्यांकडे नाहीत:

१. भारतात खाती देणाऱ्या कंपन्यांनी चुकीचं खरं कारण आणि पुढची पायरी मराठीसह भारतीय भाषांत दाखवावी. ज्या सरकारने ईमेल सक्तीचं केलं, त्यानेच हा नियम करावा.

२. शाळा, कॉलेज, पतसंस्था, छोट्या कंपन्या जे स्वतःच्या नावाचे ईमेल देतात, त्यांनी सर्व्हरची नावं, पोर्ट आणि पद्धत एका कागदावर मराठीत छापून द्यावी. आज ही माहिती एखाद्या पोराच्या डोक्यात असते आणि तो हिंजवडीला नोकरीला लागला की संस्था मुकी होते.

३. पुणे महापालिकेची नागरी सुविधा केंद्रं आहेत, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस मदतीचं टेबल लावा. शहरात इंजिनिअरिंग कॉलेजं काही कमी नाहीत, विद्यार्थ्यांना हे काम द्या. फ्लेक्सवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हे फुकटात पडेल. प्रभागात मतं मागायला जो येईल त्याला हे विचाराच.

तोवर आपण काय करायचं? जुना संगणक नव्यावर मेल नीट दिसेपर्यंत घराबाहेर काढू नका. आउटलुकची पीएसटी फाईल किंवा थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. जुन्यावरच्या सेटिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा. मग वेबसाइटवर लॉगिन करून बघा. तिथे पासवर्ड चालला तर तुम्ही काहीही विसरलेला नाहीत, अडचण प्रोग्रॅमच्या पद्धतीत आहे. नवं खातं जोडताना चालत असेल तर आयमॅप निवडा. गूगलवर सापडलेल्या नंबरला फोन करू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन लावा.

आणि घरातल्या तरुण मंडळींना हात जोडून विनंती. "बाबा, तुम्ही विसरलात" म्हणण्याआधी पाच मिनिटं बसा, ती पाटी वाचा आणि ती काय म्हणते ते त्यांना मराठीत सांगा. कंपनीने जे करायला हवं होतं, ते निदान घरात तरी होऊ दे.

तुमच्याकडे कुठली पाटी येते ते खाली लिहा, जमेल तसं उत्तर देतो. पासवर्ड मात्र कुणीही कमेंटमध्ये लिहू नका!