लाल क्रॉसची एअरगन मरोद्याच्या काठी नको!

भिलाई-दुर्गमधल्या मराठी बंधुभगिनींनो,

दिवाळी झाली की मरोदा तलावाच्या पाण्यावर बदकं उतरू लागतात, काठाच्या झाडांवर संध्याकाळी बगळे आणि वंचक मुक्कामाला येतात. यंदा त्यांच्या वाटेवर एअरगन घेतलेली पोरंही दिसू लागली आहेत. बंदुकीवर स्कोप आहे आणि स्कोपच्या आत लाल किंवा हिरवा क्रॉस उजळतो. ही मुलं परगावची नाहीत. आपल्याच सेक्टरांतली, आपल्याच घरांतली आहेत. म्हणून हे पत्रक मराठीत काढले आहे.

हा स्कोप करतो काय, ते आधी नीट समजून घ्या. काचेवर कोरलेल्या क्रॉसला बटणाएवढ्या सेलवर चालणारा बारीक दिवा उजळवतो. समोरच्या पक्ष्यावर त्याचा उजेड पडत नाही. भर दिवसा साधा काळा क्रॉस पुरतो. दिवस मावळला की गडद अंगावर काळा क्रॉस दिसेनासा होतो आणि नेम धरता येत नाही. हा दिवा कामाला येतो तो तेव्हाच. कागदावरच्या निशाणावर दिवसा सराव करणाऱ्याला त्याची गरज नाही. मग जास्तीचे पैसे मोजून आपण मुलाला काय घेऊन दिले? दिवेलागणीची वेळ, जेव्हा पाखरू दिवसभर चरून फांदीवर टेकते आणि अंधाराच्या भरवशावर निर्धास्त होते.

‘एअरगनला लायसन लागत नाही,’ हे उत्तर घरोघरी तयार असते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचांपर्यंत नळीचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, हे खरे आहे. पण ती सूट बंदूक बाळगण्याची आहे, जीव घेण्याची नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ९ शिकारीला बंदी घालते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही शिकारच आहे. छर्रा चुकला, पाखरू उडून गेले, तरी गुन्हा झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान तीन वर्षे. जप्त झालेली बंदूक आणि वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. बापाच्या बाइकवर बसून तलावावर गेलेल्या पोराला हे कोणी सांगितले आहे का?

हा कायदा १९७२ साली आला तेव्हा शिकारीचे परवाने मिळत. तेव्हाही सूर्यास्त ते सूर्योदय शिकार आणि शिकारीसाठी कृत्रिम उजेड यांना खास परवानगीशिवाय मनाई होती. १९९१ साली ते परवानेच बंद झाले.

अंधारातल्या शिकारीने काय होते हे छत्तीसगडला तरी कोणी शिकवायला नको. १९४७ साली इथल्याच कोरिया संस्थानात महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून चालले होते. दिव्यांच्या झोतात तीन चित्ते दिसले, तिन्ही नर. महाराजांनी तिन्ही मारले. भारतातल्या चित्त्याची ती शेवटची पक्की नोंद मानली जाते. खासगी सचिवाने हकिकत मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे पाठवली. संपादकांना ती वाचून इतकी किळस आली की कागद टोपलीत टाकावा असे वाटले. छापली ती आरोप म्हणून, आणि तसे त्यांनी स्पष्ट लिहिले. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणावे लागले. आपल्या राज्यात वाघही घटले: त्याच वर्षीच्या गणनेत ते निघाले १७. २०१४ साली ते ४६ होते.

‘चित्ता कुठे आणि होला कुठे,’ असे म्हणाल. पण मोटारीच्या दिव्याने जे केले तेच हा लाल क्रॉस करतो: ज्या वेळी माणसाला दिसत नाही म्हणून जनावर वाचते, ती वेळच तो काढून घेतो. आणि होल्यावर स्थिरावलेला हात तिथेच थांबेल याची हमी कोण देतो?

विकणारे सांगतात, उजळलेल्या क्रॉसमुळे नेम अचूक बसतो, जनावराला त्रास कमी होतो. हे स्कोप जिथे रुळले त्या जर्मनीत शिकाऱ्याला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेला कुत्रा हाताशी असतो. तरीही रानडुक्कर सोडून इतर खुरी जनावरांना रात्री मारायला तिथला कायदा मनाई करतो. इथे काय आहे? साडेचार मिलिमीटरचा छर्रा, सतरा वर्षांचा पोरगा आणि पाणवेलींत पडलेले जखमी पाखरू, जे अंधारात कोणालाच सापडत नाही.

रानडुकरे पीक नासतात, हे शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवानगीचा रस्ता आहे. त्याच्या आडून तलावावरच्या नेमबाजीला सूट मागू नका.

आमची मागणी साधी आहे. वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला मुलाला एअरगन देऊ नका. घरात असेल तर स्कोप काढून ठेवा आणि बंदूक कागदी निशाणापुरती, दिवसाच वापरू द्या. अरुणाचलात २०२१ साली लुमदुंग गावातून एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या लोकांनी दीड हजारांहून जास्त बंदुका आपणहून दिल्या. टाउनशिपमधल्या शिकल्यासवरलेल्या घरांना हे जमणार नाही? मुलाला पाखरांचे वेड असेल तर त्याला हिवाळ्यात बेमेतऱ्याकडच्या गिधवा-परसदा तलावांवर न्या. दुर्बीण द्या, बंदूक नको.

तलावाच्या काठी संध्याकाळी कोणी बंदूक रोखलेली दिसली तर अंगावर धावून जाऊ नका. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा टिपून त्याच दिवशी वनविभागाला कळवा. मुलगा ओळखीचा निघाला तर आधी त्याच्या आईवडिलांच्या दारात जा, आणि हे पत्रक त्यांच्या हातात द्या.