मधल्या सुटीतील मराठी आणि दहा रुपयांचा दंड

बीदर शहरातील एका खासगी इंग्रजी शाळेच्या दैनंदिनीतील एक नियम नुकताच आमच्या वाचनात आला. शाळेच्या आवारात इंग्रजीखेरीज अन्य भाषेत बोलल्यास दहा रुपये दंड. दैनंदिनी आमच्या एका पक्षकाराच्या मुलीची होती. मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. घर भालकी तालुक्यात, शाळेची बस सकाळी सातला येते. वडील नकलांची वाट पाहत बसले असता आम्ही तिला सहज विचारले, शाळा कशी काय आहे? तिने तक्रार केली नाही. प्रयोगशाळा चांगली आहे, गणिताचे सर छान शिकवतात. मग थोडे थांबून म्हणाली, "मधल्या सुटीत मी बोलतच नाही. तोंडातून 'काय करायलास' असं निघून जातं, आणि मॉनिटर नाव लिहितो."

ही मुलगी इंग्रजी शिकते, कायद्याने सक्तीची झालेली कन्नड शिकते, हिंदी शिकते आणि बसच्या चालकाशी दखनी उर्दूत बोलते. इतक्या भाषा पेलणारे हे लेकरू आजीच्या ज्ञानेश्वरीपुढे बसले की हिंदीच्या बळावर अक्षरे लावते आणि 'ळ' आला की अडखळते, कारण हिंदीच्या तासाला ते अक्षर तिला भेटलेलेच नाही. शाळेच्या वेळापत्रकात घरच्या भाषेला जागा नाही. तिची दखल घेतली आहे ती दंडाच्या नियमात.

या प्रदेशात 'खासगी शाळा' या शब्दाचा अर्थ एके काळी अगदी उलट होता. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. प्रजेच्या भाषांना सरकारदरबारी मान नव्हता. अशा काळात गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय निघाले आणि त्याच वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी. सरकारी शाळेत जे मिळत नाही ते आपल्या भाषेत मिळावे, यासाठी लोक पदरमोड करून खासगी शाळा काढीत. त्या पिढीच्या अग्रभागी केशवराव कोरटकरांसारखे वकील होते, हे आम्हां वकिलांना तरी विसरता येऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा पलीकडे गेले, भालकी, औराद अलीकडे राहिले. त्यानंतर मराठी टिकवण्याचे काम आणखीच अवघड झाले, आणि खासगी शाळा मात्र मराठीच्या बाजूने उभी राहण्याचे सोडून तिच्यावर पहारा करू लागली.

संस्थाचालक आम्हांस सांगतात की माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वोच्च न्यायालयानेच दिले आहे. दिले आहे. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच शिकवावे, असा कर्नाटक शासनाचा १९९४ चा आदेश होता. ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अशी सक्ती घटनाबाह्य ठरवली. मुलाची मातृभाषा कोणती हे त्याचे आईवडील किंवा पालक ठरवतील, असेही त्या निकालात आहे. आम्ही त्या निकालाचे स्वागत केले होते आणि आजही करतो, कारण सक्तीची तलवार उद्या आपल्याही मानेवर येऊ शकते. परंतु तो निकाल वर्गातील माध्यमाविषयी आहे. झाडाखाली डबा खाताना मुलीने मैत्रिणीशी कोणत्या भाषेत बोलावे, हा विषय त्या खटल्यात नव्हता. माध्यमाच्या स्वातंत्र्यातून जिभेवरच्या दंडाचा अधिकार निघतो, असे म्हणणाऱ्याने निकाल वाचलेला नाही, किंवा वाचूनही तो लपवीत आहे.

उलट २००९ चा शिक्षण हक्क अधिनियम काय म्हणतो ते पाहावे. कलम १७ मुलाच्या मानसिक छळास मनाई करते. कलम २९ सांगते की मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे. अल्पसंख्याक संस्थांना या अधिनियमातून त्याच दिवशी, त्याच घटनापीठाने वगळले, हे आम्हांस ठाऊक आहे. पण प्रस्तुत शाळा अल्पसंख्याक संस्था नाही. मधल्या सुटीत मुके बसणारी आठवीची मुलगी भयमुक्त आहे, असे शपथेवर सांगायला कोणता मुख्याध्यापक तयार आहे?

कन्नडशी आमचे भांडण नाही. या मातीत राहायचे तर कन्नड यायलाच हवी. ती ज्याला येत नाही तो कचेरीच्या दारात ताटकळतो, हे आम्ही रोज पाहतो. राज्य मंडळाच्या दहावीला मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते, आणि २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन अधिनियमानेही मराठीची दारे बंद केलेली नाहीत: कन्नड प्रथम किंवा द्वितीय भाषा असली की झाले. म्हणजे माध्यम इंग्रजी ठेवूनही मराठी प्रथम व कन्नड द्वितीय भाषा ठेवण्यास मोकळीक आहे. अडते ते मागणीपाशी. मराठी घेतली तर अनुच्छेद ३७१-जे खालचे आरक्षण हातचे जाईल, अशी भीती अनेक पालकांनी आमच्यापाशी व्यक्त केली. ती निराधार आहे. तो लाभ या प्रदेशातील जन्म किंवा रहिवास यांवर मिळतो. भाषेचा त्यात संबंध नाही.

संस्थाचालकांना धारेवर धरताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या थोरल्या मुलाच्या प्रवेशअर्जात मातृभाषेचा रकाना आम्ही रिकामा सोडला होता. लिपिकाने आमच्यादेखत त्यात 'इंग्लिश' लिहिले, आणि आम्ही खाली सही केली. आईवडिलांनी ठरवायची ती मातृभाषा आम्ही अशी ठरवली.

सदर शाळेला पाठवावयाच्या नोटिशीचा मसुदा तयार आहे: दंडाचा नियम रद्द करावा, आणि मराठी प्रथम भाषा म्हणून उपलब्ध करून द्यावी. मुलीच्या वडिलांनी आठवडाभराची मुदत मागितली आहे. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, शाळा मुलीवर राग काढील, असे ते म्हणतात. त्यांच्या भीतीला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र त्याच बसने आणखी काही मराठी मुले शाळेत जातात. त्यांच्या पालकांनीही सह्या केल्या, तर ही नोटीस एकट्या मुलीच्या नावाने जाणार नाही.