गॅरेज कुणाचं, भांडी कुणाची?

परवा रविवारी आमच्याकडे सिनेमाचा कार्यक्रम होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या लेकाने लॅपटॉपवर २०१३ चा ‘जॉब्ज’ लावला होता. अॅपल कंपनी काढणाऱ्या स्टीव्ह जॉब्जची गोष्ट. घराच्या गॅरेजमध्ये मित्र गोळा करून कॉम्प्युटर जोडणारा तो पोरगा बघून आमचे हे तर भारावूनच गेले. ‘‘बघा, गॅरेजमधून केवढी कंपनी उभी केली!’’

बारावीतली लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. हात खरकटेच. ती म्हणाली, ‘‘आई, याला याच्या आईने एकदा तरी भांडी घासायला हाक मारली असेल का गं?’’

सगळे हसले. मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना.

कारण मैत्रिणींनो, आमच्या घरात लॅपटॉप एकच आहे आणि तो ‘त्याचा’ आहे. त्याला कॉम्प्युटर शिकायचं होतं म्हणून चंद्रपूरला जाऊन हप्त्यावर घेतला. लेकीला माझा जुना मोबाइल. तिलाही प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे. तिने विचारलं की माझं ठरलेलं उत्तर असतं, ‘‘दादाचं झालं की बस.’’ दादाचं होईस्तोवर रात्रीचे अकरा वाजतात. हा नियम ह्यांनी केला नाही, सासूबाईंनीही नाही. मीच केला.

कॉम्प्युटरवाल्यांचे हे सिनेमे मला आवडतात. ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) बघताना तर मी जागची हलले नव्हते. हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर जागून फेसबुक तयार करणारी पोरं! पण हे सिनेमे बघून आपल्याला वाटतं की शोध लावायला फक्त डोकं लागतं. खरं तर आणखी तीन गोष्टी लागतात. रिकामी संध्याकाळ, हक्काचा कोपरा आणि चुकलं तर सांभाळून घेणारी माणसं. आपण आया या तिन्ही गोष्टी मुलांना न मागता देतो. मुलींना मात्र त्या मागूनही मिळत नाहीत.

आपल्या मराठीतच बघा. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र शिकून आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्या काळचं ते अगदी नवं तंत्रज्ञान. पण कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं किचकट काम कुणी केलं? सरस्वतीबाईंनी. फिल्म धुवायला हातभार त्यांचा आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांचाच. सिनेमात त्या दिसतात, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

दुसरा ‘हिडन फिगर्स’ (२०१६). अमेरिकेच्या अंतराळ संस्थेत आकडेमोड करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची ही खरी गोष्ट. गंमत म्हणजे तेव्हा त्या बायकांनाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत. म्हणजे यंत्राच्या आधी हे नाव बाईचं होतं! त्यातली डोरोथी व्हॉन, यंत्र येणार आणि आपली कामं जाणार हे ओळखून त्या यंत्राची भाषा स्वतः शिकते आणि बरोबरच्या बायकांनाही शिकवते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेत. आपल्या जंगलपट्टीत काय? माझं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, म्हणून अभिमानाने सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या दायांसाठी श्वास मोजायचं एक साधन तयार केलं. १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंधही छापून आला. बाळाला न्यूमोनिया झाला की श्वास जोरात चालतो. तो मिनिटाला किती, हे मोजायला हवं. पण शाळेचं तोंडही न पाहिलेल्या दाईने पन्नास-साठपर्यंत कसं मोजायचं? त्यावर उपाय म्हणजे एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की समजायचं, बाळाला औषध हवं. ना वीज, ना बॅटरी. माझ्या लेखी तोही कॉम्प्युटरच! आणि तो चालवणारी कोण, तर अंगठा उठवणारी बाई. तिच्यावर सिनेमा निघाला तर पहिलं तिकीट मी काढीन.

काही जणी म्हणतील, ‘‘पोरीत धमक असली की ती कशीही पुढे जाते.’’ जाते ना, एखादी जाते. पण धमक असूनही भांड्यांपाशीच राहिलेल्या किती, हे कुठल्याच सिनेमात येत नाही. त्यातली एक मी आहे. गणितात पहिली यायची मी, आणि आता किराण्याचा हिशेब करते. त्याचं मला दुःख नाही. पण माझ्याच हाताने लेकीला त्याच रांगेत उभं करत होते, हे त्या रात्री कळलं.

सोमवारी फ्रिजवर कागद चिकटवला. संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप लेकीचा. त्या वेळात भांडी दादाची. पहिल्या दिवशी त्याने तोंड फुगवलं आणि एक काचेचा ग्लास फोडला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोराच्या जातीला हे काम शोभते का?’’ मी काहीच बोलले नाही. फुटलेल्या काचा गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच हाक मारली.

लेक काही मोठा शोध लावील की नाही, मला माहीत नाही. पण तिच्या दोन तासांवर आता कुणाची हाक येणार नाही, एवढं मी बघणार आहे.

तुमच्या घरातला लॅपटॉप संध्याकाळी सातला कुणापुढे असतो? आज जरा बघा ना!