शाल नको, शागीर्द द्या

लोककलावंताचा सत्कार करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. गावातले सर्वांत मोठे सभागृह घ्यायचे. व्यासपीठावर पुढारी, दोन प्राध्यापक आणि कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेला सत्तरीचा गोंधळी. गळ्यात कवड्यांची माळ, पायाशी संबळ. भाषणे दीड तास चालतात. लोककला ही मातीची ठेव आहे, ती जपली पाहिजे, नव्या पिढीने पुढे आले पाहिजे, वगैरे. मग शाल, श्रीफळ, हार, छायाचित्र. वेळ उरला तर म्हाताऱ्याला पाच मिनिटे वाजवायला सांगतात. बहुधा उरत नाही. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असते. म्हातारा शाल पिशवीत कोंबतो, संबळ खांद्याला लावतो आणि एसटी गाठतो. घरी अशा पंधरा शाली पडून आहेत. शागीर्द एकही नाही.

सणासुदीच्या अंकात कडू लिहू नये, हे मला कळते. पण फराळाच्या ताटात कारल्याची एखादी चकती असली तर घास गोडच लागतो. तेव्हा स्पष्टच सांगतो: आपण ज्याला लोककलेचा गौरव म्हणतो, तो तिच्या तेराव्याची तयारी आहे. कलावंताला मान हवा, पैसाही हवा. पण त्याहून अगोदर त्याला हवे असते समोर बसलेले पोर, ज्याच्या मनगटावर टिचकी मारून 'असे नव्हे, असे' म्हणता येईल. ते एक सोडून बाकी सर्व आपण त्याला देतो.

हा गोंधळी काय जाणतो, ते आधी पाहू. संबळ म्हणजे वाद्यांची जोडी. एक चढ्या आवाजाचे, एक खर्जाचे. कमरेला बांधून दोन काठ्यांनी ते वाजवायचे, त्यांतल्या एका काठीचे टोक वाकडे. शेजारी तुणतुणे, हाती दिवटी. रात्री चौक मांडला की तो देवदेवतांना गावांच्या नावांनिशी हाका मारतो: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. सारा महाराष्ट्र त्या अंगणात उतरतो. मग आख्यान लागते. कुठे गावे, कुठे बोलावे, साथीदाराने विनोद कुठे पेरावा, पेंगणाऱ्या श्रोत्याला संबळाच्या कोणत्या फटकाऱ्याने जागे करावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे रात्रीमागून रात्री जागून आलेले आहे. एक गोंधळी गेला की एक पोथी जळते, आणि तिची दुसरी प्रत कुणाजवळ नसते.

हे आमच्या मराठवाड्याचे धन आहे. परभणीच्या राजाराम कदमांनी गोंधळाला जाणकारांच्या दरबारात मान मिळवून दिला. येथून पन्नास किलोमीटरवर पैठण. तेथे नाथांनी गोंधळी, वासुदेव, जोशी यांची सोंगे घेऊन भारुडे रचली. म्हणजे १५९९ साली समाधिस्थ झालेल्या या महापंडिताला दारोदार फिरणाऱ्यांचे गाणे उसने घ्यावेसे वाटले. ते का? त्या गाण्यावाचून आपले म्हणणे लोकांपर्यंत पोचणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्याला ते ओळखता येत नाही.

आमच्या शाळांची स्नेहसंमेलने पाहा. गोंधळाचे नृत्य हमखास असते. मुलांना झगे शिवतात, गळ्यात प्लास्टिकच्या कवड्या घालतात, आणि शिपाई बटण दाबतो. कर्ण्यातून गोंधळ वाजतो, मुले उड्या मारतात, पालक मोबाइल उंच धरतात. त्याच शाळेच्या मागच्या बाकावर गोंधळ्याचा नातू बसलेला असतो. त्याच्या दाखल्यावर, भटक्या जमातींच्या यादीतला, 'गोंधळी' हा शब्द असतो. सवलतीच्या अर्जाखेरीज तो शब्द तो तोंडातून काढत नाही. ज्या शब्दावर आपण टाळ्या वाजवतो, त्याच शब्दाची त्याला लाज वाटते! ही लाज त्याला कुणी शिकवली? आपणच शिकवली. डीजेला आगाऊ रक्कम मोजणारा यजमान कुलदैवताच्या गोंधळाला मात्र घासाघीस करतो आणि वर म्हणतो, 'बुवा, तासाभरात आटपा.' हे त्या पोराने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असते.

कुणी म्हणेल, 'मास्तर, काळजी कशाला? आता सर्व ध्वनिमुद्रित करून ठेवता येते.' ध्वनिमुद्रण मोलाचे आहे, त्याबद्दल दुमत नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हे काम पाहून आपण हात जोडावेत. पण त्या ओव्यांचे काय झाले, तेही ध्यानात घ्या. गावात पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले, आणि पहाटेच्या अंधारात बाईच्या मनातले बोलणाऱ्या ओवीला घर उरले नाही. संग्रह झाला तो गाणे जात होते म्हणून. आणि संग्रह होऊनही लेकी-सुना ओवी म्हणू लागल्या नाहीत. जात्याची गोष्ट निराळी. जाते परत आणा असे कोणत्याही बाईला सांगण्याचा मला अधिकार नाही. गोंधळाची तशी स्थिती नाही. लग्ने होतात, कुलाचार होतात, जागरणे होतात. काम आहे, ऐकणारे आहेत. कमी आहे ती शिकणाऱ्यांची. मोबाइलवरचे चित्र हजार वेळा पाहा, तुमची काठी चुकली तर ते चित्र थांबून तुम्हाला टोकणार नाही. ते काम वस्तादाचे.

आता एका आक्षेपाला सामोरे गेलेच पाहिजे, कारण तो सर्वांत खरा आहे. 'ही वाद्ये म्हणजे जातीचे ओझे आहे. हलगी कुणी वाजवायची, मागून कुणी खायचे, हे गावगाड्याने ठरवले. आमच्या पोरांनी ती हातात घेतली नाही, हेच बरे झाले.' हे बोलणाऱ्याशी वाद घालण्याआधी मान खाली घालावी लागते. गावकीची लाचारीची कामे टाकून द्या, असे डॉ. आंबेडकरांनी निक्षून सांगितले. १९५० साली त्यांच्या संस्थेने याच शहरात महाविद्यालय काढले, ते वाद्याऐवजी पुस्तक हाती यावे म्हणूनच. ज्याने हलगी खाली ठेवली, त्याने योग्य केले. 'परंपरा जपा' असे त्याला सांगणाऱ्या सुखवस्तू माणसाला मी विचारतो: तुमचा मुलगा कोणती परंपरा जपतो आहे? तो पुण्याला संगणकाचे शिक्षण घेतो, आणि गोंधळ्याच्या मुलाने मात्र तुमच्या करमणुकीसाठी गळ्यात कवड्या घालून हिंडावे काय?

पण याच ठिकाणी विचार पुढे न्यायला हवा. वाद्याला जात चिकटली ती ते एकाच घरात कोंडले म्हणून. ती सुटायची तर घराचे दार उघडायला हवे. हलगी देशमुखाच्या मुलीने वाजवावी, संबळ शिंप्याच्या आणि मोमिनाच्या पोराने शिकावा, आणि शिकवणाऱ्या वस्तादापुढे सर्वांनी खाली बसून 'गुरुजी' म्हणावे. म्हणजे कला राहील आणि जोखड जाईल. हे स्वप्नरंजन नाही. शाहिरीत ते घडले आहे. बार्शीचा मेहबूब पटेल अमर शेख म्हणून उभा राहिला आणि १९६९ साली जाईपर्यंत महाराष्ट्राचा शाहीर म्हणून गाजला. १९४४ साली त्याच्यासोबत लाल बावटा कलापथक काढणारे अण्णा भाऊ साठे मातंग, गवाणकर आणखी निराळ्या समाजातले. डफ मात्र एक. आपल्याच शहरातल्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. भजनातली एकतारी, गाणे मात्र स्वाभिमानाचे! वाद्य हे कुणाच्या बापाची मिरास नसते. ज्याच्या हाती जाते त्याचे होते.

याची साक्ष दूरदेशीही मिळते. आयर्लंड हा इंग्रजांच्या शेजारचा छोटासा देश, आपल्यासारखाच त्यांच्या अमलाखाली भरडलेला. तेथे कोपराखाली भाता दाबून वाजवायची एक पुंगी आहे, मोठी अवघड. ती वाजवणाऱ्यांत भटक्या समाजाची माणसे नावाजलेली होती. जॉनी डोरन हा त्यांतला एक. घोडागाडीत बिऱ्हाड, जत्रेत आणि घोड्यांच्या शर्यतीत वादन, प्रतिष्ठितांच्या दारी जागा नाही. १९४७ साली तेथील लोकविद्या आयोगाच्या एका माणसाने त्याचे थोडे वादन तबकड्यांवर घेतले. पुढच्याच वर्षी त्याच्या गाडीवर भिंत कोसळली आणि १९५० साली तो मेला. त्याची कला त्या तबकड्यांतच राहिली असती. पण विली क्लॅन्सी नावाच्या गावकरी सुताराने जॉनीला ऐकले होते, त्याच्यामागे फिरून ती पुंगी आपलीशी केली होती. भटक्याची विद्या सुताराकडे आली. गावकऱ्याने भटक्याला गुरू मानले.

१९५१ साली त्या देशात पारंपरिक संगीतासाठी एक संस्था निघाली, तिने गावोगावी मुलांना शिकवायला आरंभ केला आणि वर्षातून एकदा सर्वांचा मेळा भरवला. १९६८ साली पुंगीवाल्यांनी स्वतःची संस्था काढली, तेव्हा ती वाजवणारे शंभराच्या आतबाहेर उरले होते. त्यांनी स्मारक बांधले नाही. वर्ग काढले, वाद्य बनवणारे कारागीर तयार केले. १९७३ साली क्लॅन्सी वारला, तेव्हा मित्रांनी त्याच्या गावी पुतळ्याऐवजी उन्हाळी शाळा सुरू केली. ती अजून भरते, आणि जगभरची पोरे तेथे वस्तादांसमोर बसतात. २०१७ साली युनेस्कोने त्या वादनाची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. क्रम नीट पाहा: आधी शागीर्द, मग मान. आपल्याकडे मान आधी, आणि शागीर्द कधीच नाही.

'पण सरकार करते आहे की!' करते, हे मान्य. ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन आहे. २०२४ पासून ते ५,००० रुपये झाले. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. अधूनमधून शिबिरेही भरतात. हे वाईट आहे असे कोण म्हणेल? परंतु मानधन हे थकलेल्या माणसाला मिळते, त्याच्या विद्येला नव्हे. आणि दहा-वीस दिवसांच्या शिबिरात संबळ कमरेला कसा बांधायचा एवढेच समजते. आपल्याच विद्यापीठातल्या डॉ. प्रभाकर मांडे यांनी गावगाड्याबाहेरच्या या माणसांच्या विद्येचा आयुष्यभर अभ्यास केला. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. अभ्यासक आपले काम करून गेले. आता शाळांनी आपले करावे.

शाळेचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो: 'त्याची पात्रता काय?' तबल्याला परीक्षा आहेत, पेटीला आहेत. संबळाची परीक्षा कुणी दिल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही, तेव्हा प्रमाणपत्राचा धाक मला घालू नका. गोंधळ्याची पात्रता त्याच्या दोन काठ्यांत आहे. अर्धा तास ऐका आणि ठरवा. आणि आश्चर्य असे की धोरणातही हे लिहून ठेवलेले आहे! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना आणि कारागिरांना शाळेत शिकवण्यासाठी नेमावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून अशा जाणत्यांजवळ शिकावे, असेही म्हटले आहे. कागद तयार आहे. मग अडते कुठे? अडते आमच्या मनात. कोट घातलेला पाहुणा शाळेत आला की आम्ही उभे राहतो. कवड्यांची माळ घातलेला आला की फाटकावरच विचारतो, 'काय पाहिजे?'

माझी मागणी साधी आहे. जेथे जसे जमेल तसे आठवड्याला दोन तास, तासिका तत्त्वावर, इतर शिक्षकांच्याच दराने, एक गोंधळी, एक शाहीर किंवा एक भारुडकार शाळेत यावा. हजेरीपत्रकावर त्याचे नाव असावे. मुलांनी त्याच्याकडून जुने शिकावे आणि नव्याला वाट करून द्यावी. नवे आल्याने कला बाटते, हा भ्रम आहे. सिल्लोड तालुक्यातल्या निरंजन भाकऱ्यांनी नाथांच्या वळणाचे भारूड घेतले आणि त्यातून व्यसनाविरुद्ध गावोगाव रान उठवले. लोक पोट धरून हसत, आणि हसता हसता ओशाळत. २०२१ च्या एप्रिलात कोरोनाने त्यांना नेले. आपण हळहळलो, श्रद्धांजलीच्या सभा घेतल्या. त्यांच्यासारखा घागऱ्याचा घेर धरून उभा राहील असा एखादा मुलगा आपल्या तालुक्यातल्या शाळेत तयार होतो आहे काय, हे मात्र कुणी विचारले नाही.

सरकारवर सर्व टाकून मोकळे होण्याचीही गरज नाही. तुळशीचे लग्न लागले की तुमच्या घरचे मुहूर्त सुरू होतील. गोंधळ सांगाल, तेव्हा मोल आधी ठरवा आणि कमी करू नका. 'तासाभरात आटपा' म्हणू नका. पाहुण्यांना जेवू घालण्याआधी त्या चौघांना जेवू घाला. आणि रात्री चौक मांडला की घरातल्या एका मुलाला, मुलगी असली तर फारच उत्तम, संबळवाल्याच्या शेजारी बसवा. तिला काठी हातात धरू द्या. ती चुकेल, म्हातारा टोकेल. तिने विचारले, 'आजोबा, उद्या परत शिकवाल का?' तर त्याला परतीच्या एसटीची वेळ विचारू नका. त्याला ठेवून घ्या.