खर्डा : गाव जिंकले, व्यक्ती हरली

२८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नितीन आगे हा १७ वर्षांचा विद्यार्थी मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, या संशयावरून त्याचा जीव घेतला, अशी फिर्याद होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. शहरात त्यावर चर्चा झाली ती आधार आणि मोबाइलची. गावात पाळत ठेवायला यंत्र लागत नाही. पारावरची नजर पुरते.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाला नव्हे, व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. ती व्यक्ती कोर्टात एकटी पडते, हा आमचाही दोष आहे. मोर्चा पांगतो, साक्षीदार मात्र त्याच गावात मजुरीला जातो.

अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेले कलम १५-अ साक्षीदाराचे संरक्षण हे राज्याचे कर्तव्य मानते. बांधवांनो, तो अर्ज पहिल्याच आठवड्यात द्या. आणि प्रत्येक तारखेला साक्षीदारासोबत कोर्टाची पायरी चढा. घोषणा नंतर देऊ.